बुधवारचा जपान

"वेडे असणार सगळे. दुसरं काय?"

माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी शेजारच्या मुलाला हळूच म्हणाली. जर्मनमध्ये म्हणाली, पण मला कळलं. तो हसला. समोर पडद्यावर नकाशा होता, एवढासा जपान आणि महासागराच्या पलीकडे अख्खी अमेरिका. प्राध्यापकबाई सांगत होत्या की १९४१ साली टोकियोत जी मंडळी निर्णय घ्यायला बसत होती, त्यांच्या हातात सगळी माहिती होती. अमेरिका किती पोलाद बनवते, किती जहाजं बांधू शकते, तेल कुणाकडे किती आहे. युद्ध लांबलं तर आपण हरणार, हे त्यांतल्या बहुतेकांना कळत होतं. तरीही त्यांनी ते सुरू केलं. का?

हायडेलबर्गमधलं माझं ते दुसरं वर्ष होतं. इथे प्रत्येक सेमिनारमध्ये एक रेफराट द्यावा लागतो, म्हणजे वर्गापुढे उभं राहून एका विषयावर अर्धा तास बोलायचं. विषयांची यादी बाकांवरून फिरत माझ्याकडे सगळ्यात शेवटी आली, कारण मी कोपऱ्यात बसायचे. एकच ओळ रिकामी होती, ती या प्रश्नाची. मी तिथे माझं नाव लिहिलं. दुसरा विषय मागायचा तर हात वर करावा लागला असता.

तेव्हा आमच्या घरातही एक निर्णय व्हायचा होता. सप्टेंबरमध्ये पुण्यात माझ्या वडिलांच्या पोटात गाठ सापडली होती. कॅन्सर होता. डॉक्टर सरळ बोलणारे होते. ते म्हणाले, ऑपरेशन फार मोठं आहे, वय बहात्तर, हृदय कितपत साथ देईल सांगता येत नाही. नाही केलं तर औषधांवर काही महिने, कदाचित वर्षभरही, बरे जातील, मग हळूहळू उतरत जातील. करायचं असेल तर दिवाळीपर्यंत ठरवा, कारण त्यानंतर ते करण्यासारखं राहणार नाही. निर्णय तुम्ही घ्यायचा.

आमच्या घरातले निर्णय रविवारी दुपारच्या व्हिडिओ कॉलवर होत. पुण्याच्या चौकटीत आईबाबा. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवलेला असल्यामुळे दोघं हनुवटीपासून वर दिसत आणि त्यांच्याहून जास्त पंखा दिसे. गेर्लिंगेनच्या चौकटीत दादा, वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. गेर्लिंगेन जर्मनीतच आहे, दादा तिथे इंजिनिअर आहे. तिसऱ्या चौकटीत मी आणि माझ्यामागची भिंत.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?" दादा विचारायचा.

"माझं काय? तुम्हा मुलांना पटेल तसं करू."

"पण अहो, तुम्ही सांगा ना," आई म्हणायची.

"अगं, सांगतोय की. त्यांना पटेल तसं."

"आई, तुझं काय मत आहे?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं? डॉक्टर म्हणतील तसं."

"डॉक्टर म्हणतायत, तुम्ही ठरवा."

"मग ठरवू या ना आपण," वहिनी म्हणायची, आणि सगळे गप्प. मग माझी भाची स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड आणून आजोबांना पडलेला दात दाखवायची आणि जर्मनमध्ये त्याची हकीकत सांगायची. बाबांना एक शब्द कळत नसे. ते म्हणायचे, "असं? मग?" ती म्हणायची, "गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर. कॉल तिथेच संपायचा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

बुधवारचा फोन वेगळा होता. बुधवारी सकाळी आई योगाच्या वर्गाला जायची आणि बाबा मला फोन करायचे. माझ्याकडे तेव्हा सात वाजलेले असत, घड्याळं तासभर मागे गेल्यावर सहा. फोन साधा, व्हिडिओ नाही. बाबांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. चेहरा समोर आला की माणूस बोलण्यापेक्षा दिसण्याकडे जास्त लक्ष देतो, असं त्यांचं मत होतं. मी काळोखात पांघरुणात बसून बोलायचे. भिंतीपलीकडे माझी फ्लॅटमेट झोपलेली असायची, म्हणून आवाज अगदी लहान ठेवून.

"मग? काय म्हणतोय तुझा जपान?"

मी त्यांना सांगायचे. आठवडाभर जे वाचलं ते. सगळं वाचन इंग्रजीत आणि जर्मनमध्ये, शाळाही माझी इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठीत सांगताना मी दर दोन वाक्यांनी अडायचे.

"मग अमेरिकेने एम्बार्गो घातला. एम्बार्गोला काय म्हणतात, बाबा?"

"तेल तोडलं म्हण. सोसायटीत पाणी तोडतात ना, तसं."

म्हणजे तेल तोडलं. जपानचं चीनशी चार वर्षं युद्ध चालू होतं आणि ते संपत नव्हतं. त्यात त्यांनी फ्रेंचांच्या इंडोचीनच्या दक्षिण भागातही सैन्य घातलं, तेव्हा अमेरिकेने तेल तोडलं. जपानचं बहुतेक तेल अमेरिकेतूनच यायचं.

"म्हणजे टाकी रोज खाली चाललीय," बाबा म्हणाले, "आणि नळ ज्याच्या हातात, त्याच्याशीच भांडण. मग त्याचं ऐकायचं. काय मागतोय तो?"

"चीनमधून परत जा म्हणतोय."

"मग जावं."

"इतके सैनिक मेलेत तिथे, बाबा. परत आलो तर ते कशासाठी मेले, असं विचारतील ना लोक."

"हं," बाबा म्हणाले. "म्हणून आणखी थोडे मारायचे."

पुढच्या बुधवारी मी त्यांना त्या तरुण अधिकाऱ्यांचं सांगितलं. त्याच उन्हाळ्यात सरकारने निरनिराळ्या खात्यांतली हुशार तरुण माणसं एकत्र बसवून अमेरिकेशी युद्ध झालं तर काय होईल याचा पूर्ण अंदाज काढून घेतला होता. शेवट पराभवात होतो, असं त्यांनी सांगितलं. वरिष्ठांनी ते ऐकून घेतलं, त्यांच्या मेहनतीचं कौतुक केलं आणि खरं युद्ध कागदावरच्यासारखं नसतं असं म्हणून विषय मिटवला.

बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला. "आमच्या खात्यातून गेलेले दिसतात तिकडे! मी एकदा लिहून दिलं होतं, या पावसाळ्यात ही केबल जाणार. साहेब म्हणाले, अक्षर छान आहे हो तुमचं."

"मग गेली का केबल?"

"जाते काय! नदीत शोधत होतो आम्ही."

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. नौदलाच्या प्रमुखाने सम्राटाला परिस्थिती समजावताना एका रोग्याचं उदाहरण दिलं होतं. तसंच ठेवलं तर रोगी हळूहळू खालावत जाईल. शस्त्रक्रियेत धोका मोठा, पण वाचण्याची आशा त्यातच आहे. वाचनालयात ते पान आलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि खाली जाऊन मशीनमधून कॉफी घेतली. मग परत येऊन पुढचं पान वाचलं.

तिसऱ्या का चौथ्या बुधवारी आम्ही नौदलावर आलो. ते मला सगळ्यात अवघड वाटलं होतं, कारण तिथे सगळं थांबवता आलं असतं. समुद्रावरचं युद्ध नौदलाने लढायचं होतं. हे आम्हाला जमणार नाही, असं त्यांनी भर बैठकीत म्हटलं असतं, तर पुढे जायला वाटच नव्हती. पंतप्रधान त्याचीच वाट बघत होते. लष्करातलेही काही जण खाजगीत म्हणत, नौदलाने उघड नाही म्हणावं, मग आमच्या लोकांना आम्ही आवरतो. पण नौदलाने इतकी वर्षं अमेरिकेशी लढायला म्हणून जहाजं मागून घेतली होती. आता नाही कसं म्हणायचं? बैठकीबाहेर ते म्हणत, कठीण आहे. बैठकीत म्हणत, पंतप्रधान ठरवतील तसं.

"आणि पंतप्रधान?"

"त्यांनी राजीनामा दिला. मग लष्करमंत्री पंतप्रधान झाले."

त्यांच्याकडे खाली कुठेतरी भाजीवाला ओरडत होता.

"मला नकोय गं ते ऑपरेशन," बाबा म्हणाले.

मी पांघरूण घट्ट धरलं.

"जे काही महिने आहेत ते मला घरात हवेत. गॅलरीत बसायचं, पेपर वाचायचा, तुझ्या आईची बडबड ऐकायची. त्या नळ्याबिळ्या नकोत मला. पण ती आशा धरून बसलीय. आणि दादाने तिकडून किती डॉक्टर पालथे घातले. त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणू?"

"मी सांगू का, बाबा?"

"छे. तू कशाला मध्ये पडतेस? येत्या रविवारी मीच सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

मला सुटल्यासारखं झालं. हे लिहायला नको वाटतं, पण झालं. सांगायचं काम माझं राहिलं नव्हतं.

तो रविवार दिवाळीचा होता. मी गेर्लिंगेनला गेले होते. दादाने ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याला जेवायला बोलावलं होतं. उंच, शांत माणूस, मोजे काढू की ठेवू असं त्याने दारातच विचारलं. त्याने सगळं नीट खाल्लं, आणि वहिनी श्रीखंड घेऊन दुसऱ्यांदा आली तेव्हा वाटीवर हात धरून म्हणाला, "नाइन, डांके."

वहिनीने बोटांच्या फटीतून बरोब्बर वाटीत वाढलं.

"अगं, तो खरंच नको म्हणतोय," दादा मराठीत म्हणाला.

"काहीतरीच काय! एवढंसं तर घेतलंय त्याने. पाहुणा नको म्हणणारच."

माझ्या भाचीला फार मजा वाटली. तिने त्याला जर्मनमध्ये समजावलं की आमच्याकडे तीनदा नाही म्हणायचं असतं, तेव्हा कुठे आई थांबते. मग दादाने त्याला आग्रह म्हणजे काय ते सांगितलं. पहिला नकार संकोचाचा असतो, दुसरा रीत म्हणून असतो, आणि वाढणाऱ्याने ते दोन्ही मनावर घ्यायचे नसतात. घेतले तर तो मायाळू नाही.

"आख सो, असं होय," तो म्हणाला. वाटी त्याने प्रामाणिकपणे संपवत आणली होती, चेहरा लाल झाला होता. "पण कुणाला पहिल्यांदाच खरोखर नको असेल तर?"

"मग खावं लागतं!" दादा म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

तो गेल्यावर तीन वाजता कॉल लागला. पुण्यात दिवेलागण होऊन गेली होती. आईने नवी साडी नेसली होती. बाबांच्या अंगात रेशमी झब्बा होता, गळ्याशी फार सैल. मी दादाच्या शेजारी सोफ्यावर बसले, म्हणजे त्या दिवशी दोनच चौकटी होत्या.

"बाबा, डॉक्टरांना उद्या कळवायचंय," दादा म्हणाला. "त्यांनी आपल्यासाठी दिवस धरून ठेवलाय."

"कशाला रे हे सगळं," बाबा म्हणाले. "नको आता. वय झालंय. आहे ते बरं चाललंय."

त्यांनी ते म्हटलं. ठरल्याप्रमाणे, स्वच्छ शब्दांत म्हटलं.

"असं काय बोलता, बाबा?" वहिनी पुढे झुकली. "नातीचं लग्न बघायचंय तुम्हाला."

"अहो, सणासुदीला असलं अभद्र बोलू नये," आई म्हणाली.

"आमचा विचार करू नका तुम्ही, बाबा," दादा म्हणाला. "मी सुट्टी टाकलीय. तीन आठवडे मी तिथे आहे. तुम्ही फक्त हो म्हणा."

"अरे, पण तुझी नोकरी, एवढी धावपळ..."

"कसली धावपळ! काहीतरीच."

दादा मनापासून आग्रह करत होता. बाबा आपल्या त्रासाचा विचार करून नको म्हणतायत आणि आपण ते मनावर घेतलं तर आपल्यासारखे दुष्ट आपणच, एवढंच त्या खोलीत प्रत्येकाला वाटत होतं. बाबा आणखी एकदा "बघा बुवा" म्हणाले. मग आई म्हणाली, "मुलं एवढं म्हणतायत तर..." आणि तिने वाक्य तसंच सोडलं.

बाबांनी फोनकडे तोंड केलं. "आणि आमच्या धाकट्या बाईसाहेब काय म्हणतात?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात श्रीखंडाची वाटी होती. मला तीन शब्द बोलायचे होते, बाबांना नकोय ते. त्यांनीच ते सांगायचं कबूल केलं होतं आणि सांगितलंही होतं, मग मी पुन्हा सांगितलं तर ते चोंबडेपणाचं झालं असतं का? आई रडली असती. दादा म्हणाला असता, तुला कधी बोलले ते? आणि आमचे बुधवार उघडे पडले असते. हे सगळं मी खरोखर विचारात घेतलं की नंतर रचलं, मला आता सांगता येत नाही.

"तुम्ही ठरवाल ते, बाबा," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. "मग ठरलं." आणि हसले. आईने देवाच्या दिशेने हात जोडले.

हायडेलबर्गला परत जाताना गाडीत मी रेफराटसाठीचं वाचन काढलं, कारण खिडकीबाहेर बघवत नव्हतं. सम्राटापुढच्या सप्टेंबरमधल्या बैठकीचं वर्णन होतं. अशा बैठकांत सम्राटाने बोलायचं नाही, समोर ठेवलेलं ऐकून मान्य करायचं, अशी रीत. त्या दिवशी तो बोलला. त्याने खिशातून कागद काढून आपल्या आजोबांची शांततेविषयीची एक छोटी कविता वाचून दाखवली. युद्ध नको, एवढं सांगायला त्याच्याजवळ तेवढाच मार्ग होता. लष्कर आणि नौदलाच्या प्रमुखांनी उठून सांगितलं की आमचीही इच्छा वाटाघाटींचीच आहे. मग समोरचा कागद, ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बोलणी जमली नाहीत तर युद्धाची तयारी पक्की करणारा, होता तसाच मंजूर झाला.

त्या बुधवारीही फोन आला.

"मग? ठरलं का त्यांचं?"

"हो, बाबा." मग मी म्हणाले, "बाबा, रविवारी मी..."

"असू दे गं. सगळे मोठे बोलत असताना तू काय बोलणार?" मग म्हणाले, "मी विचार करत होतो, शेवटच्या बैठकीनंतर ती मंडळी घरी गेली असतील ना? जेवली असतील. बायकोने विचारलं असेल, आज काय झालं. काय सांगितलं असेल रे त्यांनी?"

बाबा मला लाडात आले की "रे" म्हणायचे. पुस्तकांत ते नसतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच होतं. गाठ पूर्ण निघाली. बाबा त्यातून उठले नाहीत. एकोणीस दिवस ते अतिदक्षता विभागात होते. मी पोचले तेव्हा त्यांच्या घशात नळी होती, त्यामुळे मला त्यांचा आवाज त्या बुधवारनंतर ऐकायला मिळाला नाही. भेटायची वेळ सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं. आम्ही पाळीने आत जायचो. पायावरची चादर थोडी सरकलेली असायची आणि मी ती सारखी करायचे. एकदा त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ओळखलं का, हे मला सांगता येणार नाही. आई बाहेरच्या बाकावर बसून असायची आणि बाहेर येणाऱ्याला एकच विचारायची, "काही म्हणाले का?" विसाव्या दिवशी सकाळी दादाने मला फोन केला आणि काही न बोलता धरून ठेवला.

परतीच्या विमानात दादा माझ्या शेजारी होता. जेवणाचे ट्रे गेल्यावर तो समोरच्या सीटकडे बघत म्हणाला, "मला पहिल्यापासून नको वाटत होतं. इंटरनेटवर सगळं वाचलं होतं मी. पण बाबांना आशा होती. त्यांची आशा मी कशी मोडणार होतो, सांग."

तो माझ्याकडून काहीतरी ऐकायला थांबला होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

बाईंनी रेफराट पुढे ढकलून दिला होता. जानेवारीत मी तो दिला. अर्धा तास, जर्मनमध्ये, कागदावरून मान न उचलता. मी म्हणाले की ही माणसं वेडी नव्हती. त्यांना मरणाची हौस नव्हती, आणि शौर्याच्या जुन्या कथांनी हे समजत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याने नाही म्हणावं म्हणून थांबला होता. प्रत्येकाला वाटत होतं की पलीकडच्याला ते हवंय. थांबलं तर रोज शक्ती कमी होणार, असं दिसत होतं, म्हणून करायचं तर आत्ताच. आणि एवढ्या तयारीनंतर मागे फिरणं म्हणजे तयारी करणाऱ्यांचा अपमान.

पुढच्या बाकावरच्या त्या मुलीने हात वर केला. "पण एकाला तरी नाही म्हणता आलं असतं ना? एकाला. काय झालं असतं त्याचं? ठार मारलं असतं?"

"काहींना ती भीती होती," मी म्हणाले. "खून झालेले होते पूर्वी. पण सगळ्यांना नाही."

"आल्झो? मग?"

"व्यवस्थाच तशी होती," मी म्हणाले. "निर्णय कुणा एकाचा राहू नये अशीच ती रचलेली होती."

बाई खूश झाल्या. चांगलं विश्लेषण म्हणाल्या. मी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जाऊन पूर्ण ताट जेवले, आणि मला भूक लागली होती याचंच मला पुढे कित्येक दिवस वाईट वाटत राहिलं.

मे महिन्यात आई गेर्लिंगेनला आली. पहिल्यांदाच एकटी आली, गळ्यात पासपोर्टची पिशवी अडकवून. मी शनिवार-रविवार तिच्याजवळ जायचे. एका शुक्रवारी माझा तास रद्द झाला म्हणून मी सकाळीच पोचले. दादा ऑफिसात, भाची शाळेत, वहिनी तिच्या कामावर. आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून वहिनीने आणलेला पांढरा श्पार्गेल, म्हणजे अ‍ॅस्परॅगसचे जाड देठ, सोलत होती.

"हा कसला गं मुळा? ना वास, ना तिखटपणा. आणि केवढा मान त्याचा! दुकानात त्याच्यासाठी वेगळा मांडव घातलाय."

"मोसम असतो त्याचा."

"असेना. ह्यांनी तोंडात धरला नसता."

मीही सुरी घेऊन सोलायला बसले. आईचे हात बारीक झाले होते. बांगड्या तिने काढल्या नव्हत्या, पण त्या कोपरापर्यंत जात होत्या. बराच वेळ आम्ही सालं काढत होतो.

"मला मनातून ते नको होतं," आई एकदम म्हणाली. मान खालीच होती. "ऑपरेशन. तुम्ही दोघं मुलं इतक्या आशेने बोलत होता. मी नाही म्हटलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, आईला बाबांचं करायचा कंटाळा आला. म्हणून गप्प बसले."

माझी सुरी थांबली. आई बोलत राहिली.

"पण मी म्हणते, ह्यांना हवं होतं ना! त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली. तेवढं धरून मी उठते सकाळी. दादाला विचारलं, तो म्हणाला, हो आई, बाबांना आशा होती. सूनबाईही तेच म्हणाली." तिने हातातला देठ पातेल्यात ठेवला. "तुला मी विचारलंच नव्हतं. तुझ्याशी बोलायचे ते. बुधवारी. मला माहीत होतं गं. वर्ग सुटला तरी मी मुद्दाम खालच्या बाकावर बसून राहायची. म्हटलं, बोलू दे बाप-लेकीला."

मला तिच्याकडे बघता येईना.

"तुझ्याजवळ काय म्हणाले? एवढं एक सांग मला. हवं होतं ना त्यांना?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. तिने ते माझ्या तोंडात घालूनच विचारलं होतं. हो म्हटलं असतं तर ती पदराने डोळे पुसून म्हणाली असती, बघ, मी म्हणत नव्हते? आणि मग आम्ही जेवायला बसलो असतो. घरातल्या सगळ्यांनी तिला हो सांगितलं होतं, प्रेमाने सांगितलं होतं. तिच्या सकाळी उठण्याला त्या एका शब्दाचा टेकू होता आणि तो काढून घेण्याचा मला काय अधिकार आहे, हेही मला कळत नव्हतं. आई वाट बघत होती. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते, आणि मला वाटतं, तिला उत्तर आधीच दिसू लागलं होतं.

"नाही, आई," मी म्हणाले. "त्यांना घरीच राहायचं होतं, तुझ्याजवळ. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, आणि दिवाळीत त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा मी ते तुम्हाला सांगितलं नाही."